बॅटरी ठीक

धम्मानंद : मी तवाच म्हटलं होतं ना मॅडम, मेकफाइलमधी, म्हंजे काय बदललं का काय पुन्हा बनवाचं त्या यादीत, त्या हेडरचं नाव टाका. तो बदलला का पाचही प्रोग्राम पुन्हा बनले पायजेत.

मुग्धा : आणि मी म्हटलं होतं, एवढेसे प्रोग्राम, त्यांना एवढा पसारा कशाला. टोमणे नंतर मार. वर्ध्यावरून तुला माझी स्क्रीन दिसते ना? यमुताईंच्या डबीकडून रोज सकाळी 'दार उघडं' येतंय. त्या डबीला फक्त एक बटण आहे रे.

धम्मानंद : हेडरमधी काय बदललं?

मुग्धा : निरोपांचे आकडे, सगळे प्रोग्राम तिथूनच घेतात ते. आधी दोन म्हणजे बॅटरी ठीक, तीन म्हणजे मदत हवी. मध्ये, दोनवर, मी 'दार उघडं' घातलं. मग बॅटरी तीनवर गेली, मदत चारवर.

धम्मानंद : मधात काहून घातलं? शेवटी टाकाचं ना!

मुग्धा : यादी नीट दिसावी म्हणून... थांब. नाही गार्गी, मास्क नाही काढायचा पिल्लू, थोडंच औषध राहिलंय. ...हां, बोल.

धम्मानंद : मंग प्रोग्राम पुन्हा बनवाले मेक चालवलं?

मुग्धा : चालवलं. इथला निरोप वाचणारा प्रोग्राम नवा बनला. बटणाच्या प्रोग्रामपुढे आलं, काही बदललेलं नाही. त्याच्या फाइलला मी हातच लावला नव्हता ना. म्हटलं चला, एक काम वाचलं. रविवारी तोच त्यांच्या डबीत भरून आले.

धम्मानंद : म्हंजे डबी जुनंच बोलून राहिली, अन् तुमचा कम्प्युटर नवं समजून राहिला. कोण आहेत ह्या यमुताई?

मुग्धा : गार्गीला तेल लावायला यायच्या त्या. इथे नागपुरातच, सक्करदऱ्याला एकट्याच राहतात. मागे चक्कर येऊन पडल्या, म्हणून मीच हट्टानं डबी गळ्यात घातली. म्हटलं, नुसतं बटण दाबा, मी धावत येते.

धम्मानंद : आज काई आलं त्याईच्याकडून?

मुग्धा : सकाळी 'दार उघडं'. मग 'बॅटरी ठीक'. तेवढंच बघून बरं वाटलं होतं.

धम्मानंद : मॅडम... 'दार उघडं' म्हंजे त्याईची बॅटरी. मंग 'बॅटरी ठीक' म्हंजे?

मुग्धा : मदत हवी.

धम्मानंद : नोंद वाचा. किती वेळा आलं?

मुग्धा : अकरा दहा. अकरा बारा. अकरा तेरा. धम्मानंद, सात वेळा आहे. शेवटचं अकरा चाळीसला. आता साडेबारा होताहेत.

धम्मानंद : फोन लावा!

मुग्धा : दुसऱ्या फोनवरून लावलाय. वाजतोय नुसता.

धम्मानंद : पत्ता धाडा, मी अँबुलन्सले सांगतो. तुम्ही निघा.

मुग्धा : कशी निघू? मशीन काढली की पोरीला धाप लागते. हिचा बाबा, पुष्कर, विमानात. आणि इथून बेस्याहून तिच्या घरी पोचायला अर्धा तास तरी लागेल.

धम्मानंद : मंग तिथल्याच कोणाले तरी कळवा. ग्रुपवर टाका, जो वाचन तो जाईन.

मुग्धा (मोबाइलवर लिहीत, मोठ्यानं) : सक्करदरा तलावाच्या जवळपास कोणी हे वाचत असाल, तर मागच्या गल्लीत निळ्या फाटकाच्या घरी यमुताईंना बघून या. बेल वाजवून परत फिरू नका, कडी सैल आहे, ढकला. आणि त्यांना सांगा, बटण त्यांनी बरोबरच दाबलं होतं.