आवरलेली खोली

हॉटेलांचा विषय काढलात म्हणून सांगतो. मी तेव्हा आयर्लंडमध्ये, मलिंगारच्या हॉस्पिटलात नोकरीला होतो. तिथल्या पावसाला कंटाळून ग्रीसच्या एका बेटावर गेलो, तिथल्या जुन्या राजेशाही हॉटेलात. मला हवा होता फक्त समुद्रासमोर, उन्हात बसून निवांत नाश्ता.

पण सुनंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, आधी खोली आवरायची. चादरी ताणायची, बेसिन घासायची.

"अगं, साफसफाईला बाई येते ना!"

"म्हणूनच! ती काय म्हणेल? इंडियन लोक असे राहतात?"

आम्ही खाली पोचेपर्यंत नाश्ता संपलेला. रोज!

चौथ्या दिवशी मॅनेजरच दारात. "सर, आमच्या बाईचं काम पसंत नाही का? बिचारी रडतेय, नोकरी जाईल म्हणून."

मी हात जोडून बायकोची सवय समजावली. त्याला काही पटलं नाही. माफी म्हणून त्याने आम्हाला सगळ्यात मोठी खोली दिली, फुकटात. दोन दालनं, झुंबर, समुद्रावर गच्ची, आणि नाश्ताही गच्चीतच येणार! मी खूश.

सुनंदाने झुंबराकडे पाहिलं आणि ओढणी कमरेला बांधली.

"अहो, नाश्ता घेऊन माणूस वर येणार? मग उद्या पाचलाच उठायला हवं!"