बाळंतिणीचं वळण

टाळ खाली ठेवा, मंडळी. नामाचा गजर पुष्कळ झाला. आता थोडं कानांचं काम आहे. मागच्या खांबाशी जे उभे आहेत त्यांनी बसून घ्यावं. उभ्याने ऐकलेली गोष्ट पायांतून निघून जाते. मृदंगावरचे गुरुजी, तुम्हीही हात गुडघ्यावर ठेवा. मी खूण करीन तेव्हाच थाप द्यायची.

एक प्रश्न विचारते. उत्तर लगेच देऊ नका, कारण लगेच दिलेलं उत्तर बहुधा आपल्या सोयीचं असतं. प्रश्न असा — ज्या घरात बाळंतीण आहे, त्या घराची भिंत पाडण्याचा अधिकार मालकाला आहे का? जमीन त्याची. सातबारा त्याच्या नावावर. भिंत बापजाद्यांनी बांधलेली. पाडील नाही तर ठेवील, विचारणारे आपण कोण? आणि तरी... पाहा, समोरच्या बायका आत्ताच माना हलवू लागल्या. पुरुष मंडळी अजून सातबाऱ्यापाशीच आहेत.

ऐका तर.

दक्षिण कोकणात धामणघोळ नावाचं गाव. गावाच्या दोन वाड्या. खालची वाडी डांबरी सडकेला लागून, वरची वाडी डोंगराच्या खांद्यावर. दोहोंच्या मधे देवाची राई. राई म्हणजे साधं रान नव्हे. तिथलं वाळकं लाकूडसुद्धा कोणी चुलीला नेत नाही. राईतून एक पायवाट वर जाते. आजारी माणूस खाली न्यायचा तर बांबूला घोंगडी बांधायची, त्या डोलीत त्याला घालायचं आणि चौघांनी खांद्यावर घेऊन निघायचं.

वरच्या वाडीत दाजीबा गवस राहत असे. त्याची बायको इंदू दुसऱ्या बाळंतपणात अडली. डोली निघाली, राईच्या मध्यापर्यंत पोहोचली, आणि तिथेच इंदूचा आवाज थांबला. मूलही गेलं. मागे राहिली थोरली मुलगी, वैजयंती. त्या दिवसापासून दाजीबाने एकच ध्यास घेतला — वरच्या वाडीला रस्ता. तालुक्याच्या कचेरीत शिपाई त्याला नावाने ओळखू लागले. साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, दाजीबा बदलला नाही. मंडळी, आपण देवासाठी एवढे खेटे घालतो का हो? सुट्टीच्या दिवशी, आणि तेही चहा पिऊन.

अखेर रस्ता मंजूर झाला. त्याच हिवाळ्यात वैजू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. दाजीबाच्या मनात दोन्ही गोष्टी एकच झाल्या. जो रस्ता इंदूला मिळाला नाही, त्या रस्त्यावरून इंदूची मुलगी गाडीत बसून जाणार.

आता घरातल्या खऱ्या मालकाची ओळख करून देते. आवडाक्का! दाजीबाची थोरली विधवा बहीण. इंदूच्या मागे पोरीला तिने वाढवलं, भावाला सांभाळलं आणि शेजाऱ्यांना धाकात ठेवलं. एका सकाळी गवंडी सोनू मेस्त छिन्नी-हातोडा घेऊन मागच्या दाराशी आला. आक्का तांदूळ निवडत होती. त्यांची बोली मालवणी. मला जमेल तशी बोलते. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

"कोण रे तो? हातोडो घेऊन खंय चललंस?"

"दाजीबान सांगितल्यान, मागची भित फोडून न्हाणीघर काढ म्हणान. पोरीक परसात जावक नको."

"घरात पोटुशी पोर असा, दिसत नाय तुका? हयसर खिळो मारूचो नाय, माती उकरूची नाय, भित फोडूची नाय. मूल होऊन बारसा होयपर्यंत घर जसा असा तसा रवतला."

"आक्का, हल्ली ह्या कोण मानता?"

"मी मानतंय. चाय पी आणि घराक जा."

सोनूने दाजीबाकडे पाहिलं. दाजीबाने खांदे उडवले. "आक्कान सांगितल्यान ना? मगे झाला." सोनू चहा पिऊन गेला.

ही चालीरीत तुम्हाला ठाऊक आहे. घरात पोटुशी बाई असली की आपण नांगर थांबवतो, भिंत थांबवतो, खिळासुद्धा थांबवतो. काही जण म्हणतील, अंधश्रद्धा. असेल. पण तिच्या पोटात एक शहाणपण आहे — ज्याला हलता येत नाही, त्याच्या भोवतीचं जग आपण हलवू नये.

हे ध्यानात ठेवा. आता राईत चला.

साहेबांनी नकाशावर रस्त्याची रेघ सरळ ओढली. सरळ रेघ स्वस्त पडते. त्या रेघेवर राईतला सर्वांत जुना बेहडा आला. चौघांच्या कवेत न मावणारा बुंधा, वर एक ढोली. त्याच्यावर पांढऱ्या रंगाची फुली मारून झाली, आणि दुसऱ्या दिवशी वनरक्षक ललिता ठोंबरे वरच्या वाडीत आली. तरुण मुलगी, खाकी कपडे, बोलणं मऊ पण मुद्द्याचं. देवळापुढे बैठक बसली.

ती म्हणाली, "काका, रस्ता व्हायलाच हवा. पण त्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी बसली आहे."

धनेश म्हणजे कोण? मोठी पिवळी चोच, चोचीवर टोप, आणि उडताना पंखांचा असा आवाज की आगगाडीचं जुनं इंजिन वरून गेल्यासारखं वाटावं. तिथले लोक त्याला गरुड म्हणतात. आता हा पक्षी फार थोड्या ठिकाणी उरला आहे, कारण त्याला जुनी, मोठी, पोकळ झाडं लागतात; आणि जुनी, मोठी, पोकळ झाडं आपल्याला नको असतात.

दाजीबा म्हणाला, "पाखराक दुसरा झाड मिळात."

"तिला नाही मिळणार, काका. ढोलीत शिरून तिने माती-विष्ठेने दार आतून लिंपून घेतलं आहे. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवली आहे. पंखांची पिसं गाळून ती अंड्यांवर बसली आहे. उडणं आत्ता तिच्या हातातच नाही."

"आणि पाऊस लागापर्यंत आमी थांबायचा? मार्चच्या आत काम सुरू नाय झाला तर मंजुरी परत जातली."

"थांबू नका," ललिता म्हणाली, आणि तिने कागद पसरला. साहेबांशी ती आधीच बोलून आली होती. काम वरच्या आणि खालच्या, अशा दोन्ही टोकांनी लगेच सुरू करायचं. राईतला मधला तुकडा मादी बाहेर पडेपर्यंत राहू द्यायचा. आणि रस्ता बेहड्याच्या बाजूने वळसा घालून न्यायचा. राई तुटणार नाही, रस्ताही अडणार नाही. साहेबांनी हो म्हटलं होतं. मंडळी, साहेब दर वेळी खलनायक असतातच असं नाही. एखादा ऐकून घेतो. तेव्हा त्याचंही नाव देवापुढे घ्यावं.

"वळसो खंयसून जातलो?" दाजीबाने विचारलं.

ललितेने कागदावर बोट ठेवलं. तो वळसा दाजीबाच्याच काजूच्या बागेतून जात होता. ती बाग इंदूने लावली होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने कळशीने पाणी घालून जगवलेली झाडं.

दाजीबा उठला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "माझी बायल ह्याच राईत गेली. तेव्हा तिचो जीव वाचवूक कोण कागद घेऊन इल्लो नाय. आज पाखरासाठी कागद इलो. बरां झाला. आता तिच्या मागे तिचे काजीय तोडूचे?"

  दाजीबा चुकत होता का? नीट विचार करा. त्याच्या दुःखाचा एक शब्दही खोटा नव्हता. दुःख खरं असतं तेव्हाच माणसाला चूक आणि बरोबर यांतला फरक दिसेनासा होतो.

दुसऱ्या सकाळी दाजीबा दोन लाकूडतोडे घेऊन राईत निघाला. वनखात्याचा मनाईचा कागद यायच्या आत झाड आडवं करायचं, मग बोलायला काही उरणार नाही, असा त्याचा बेत. आवडाक्का काठी टेकत मागून निघाली. पाखरांचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. अंगणात कावळा ओरडला तरी ती त्याला शिव्या घालायची. तिलाही रस्ता हवा होता, आणि वैजूचे दिवस भरायच्या आत हवा होता. झाड पडताना आपल्या डोळ्यांनी पाहावं म्हणून ती आली होती.

बेहड्याखाली ललिता आधीच उभी. ती आडवी आली नाही. एवढंच म्हणाली, "नर आत्ता खाऊ घेऊन येईल. तेवढं पाहा. मग तुम्ही आणि तुमची कुऱ्हाड."

चारी माणसं झुडपाआड बसली. आक्का दगडावर. थोड्या वेळाने वर तो इंजिनासारखा आवाज झाला. नर ढोलीच्या तोंडाशी येऊन चिकटला. गळ्यातून एक उंबर वर काढलं, चोचीच्या टोकाशी आणलं. फटीतून आतली चोच बाहेर आली, उंबर घेऊन आत गेली. मग दुसरं. मग तिसरं.

आक्का बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "डोहाळे पुरवता काय तो?"

"तिचं सगळं जेवण तोच आणतो, आजी."

"आणि नाय इलो तर?"

"तर ती आणि पिल्लं, सगळी आतच."

आक्काने नाकाला पदर लावला. नर उडून गेला. लाकूडतोड्याने उठून कुऱ्हाड खांद्यावर घेतली, आणि आक्का त्याला म्हणाली —

"खाली ठेव ती."

दाजीबाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "आक्का? तुका रस्तो नको?"

"व्हयो. रस्तो व्हयोच. पण त्या दिवशी गवंड्याक मी परत धाडलंय, तेव्हा तू काय म्हणालंस? आक्कान सांगितल्यान, मगे झाला. म्हणालंस ना?"

"ता आपला घर, आक्का. ह्या झाड."

"घर लाकडाचा काय नि चिऱ्याचा काय. आत बाळंतीण असा." तिने काठी ढोलीकडे दाखवली. "वैजूची भित राखूक मी होतंय. हिका आक्का नाय."

मंडळी, एक क्षण थांबते. ही बाई काही नवीन शिकली नाही. तिने फक्त आपला जुना नियम आपल्या घराच्या उंबऱ्यावर थांबू दिला नाही. धर्म एवढाच असतो. पण तो उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतो तेव्हा त्याचं मोल द्यावं लागतं, आणि ते मोल आता दाजीबाला द्यायचं होतं.

"मगे इंदूचे काजी?" त्याने विचारलं.

आक्काने काठी खाली टेकली. मग म्हणाली, "इंदूक जाऊन विचारूक येत नाय. पण ती कशी गेली ता तुका म्हायत असा. अडलेल्या बाईचा घर कोणी पाडल्यान असता, तर ती गप रवली असती?"

दाजीबाने लाकूडतोड्याच्या हातून कुऱ्हाड घेतली. तो बेहड्याकडे गेला नाही. तो खाली, बागेकडे गेला. पहिलं काजूचं झाड त्याने स्वतः तोडलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. जी झाडं वळशात येत नव्हती, त्यांना ललितेने चुन्याची खूण करून दिली, म्हणजे कोणाची चुकून कुऱ्हाड पडू नये. बाग अर्धी राहिली. अर्धी राहिली, हे मात्र खरं. ते मी गोड करून सांगणार नाही.

दोन्ही टोकांनी काम सुरू झालं. मधली राई शांत राहिली. आणि एका दुपारी, दिवस भरायच्या आधीच, वैजूला कळा सुरू झाल्या.

वरचा तुकडा झाला होता; तिथवर खडीच्या कामावरच्या बैलगाडीतून आणली. पुढे राई. पुन्हा बांबू, पुन्हा घोंगडी, पुन्हा चार खांदे. पुढच्या खांद्यावर दाजीबा. इंदूचा आवाज थांबला होता त्या जागी डोली आली तेव्हा तो थबकला. आक्का मागून म्हणाली, "थांबूचा नाय, दाजी. चल." वैजू कण्हत होती. तो आवाज दाजीबा कानांनी धरून चालला होता, दोरी धरावी तसा. बेहड्यापाशी डोकीवरून पंखांचा तो मोठा आवाज गेला. वैजूने डोळे उघडून वर पाहिलं. "बाबा, गरुड इलो," एवढंच म्हणाली, आणि पुन्हा कळ आली.

राई संपली. राईच्या कडेला, नव्या खडीवर, जीप उभी होती. पूर्वी इथून सडकेपर्यंत आणखी तेवढंच चालावं लागे. ते चालणं वाचलं. रुग्णालयाच्या दारात पोहोचल्या पोहोचल्या वैजूला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

आता तुम्ही म्हणाल, पाखराला वाचवलं म्हणून देवाने फळ दिलं. असं मी सांगणार नाही. देव असा दुकानदार नाही. वैजू वाचली ती खालच्या अर्ध्या रस्त्यामुळे, आणि तो रस्ता दाजीबाच्या हट्टाने आला. रस्ता खोटा नव्हता, हेही ऐकून ठेवा. केवळ राई राखा, माणसं डोलीत मरू द्या, असं सांगणारा धर्म मला मान्य नाही. आणि केवळ रेघ सरळ हवी, आत कोण आहे ते पाहू नका, असं सांगणारी प्रगतीही मान्य नाही.

पावसाच्या तोंडावर मादीने दार फोडलं. पावसाळ्यानंतर मधला तुकडा झाला. आज एसटी वरच्या वाडीत जाते. राईपाशी रस्ता उगाच वाकडा होतो, म्हणून नवा ड्रायव्हर कुरकुरतो, आणि कंडक्टर घंटी मारून ओरडतो, "बाळंतीण वळण, कोण उतरतंय?" आक्का हयात असेपर्यंत तिथे उतरत असे. पाखरं बघायला नव्हे; इंदूच्या उरलेल्या काजींना पाणी घालायला.

आता माझ्या पहिल्या प्रश्नाकडे या. आणि तो धामणघोळात राहू देऊ नका, इथे या सभामंडपात आणा. मघाशी देवळामागे हात धुवायला गेले होते. तिथे जमिनीवर चुन्याच्या रेघा पाहिल्या. भक्तनिवास होणार, असं कळलं. उत्तम. गुडघे माझेही दुखतात, मुक्कामाला खोली मलाही हवी. पण एक रेघ मागच्या जुन्या वडाच्या बुंध्यातून गेली आहे. देवस्थानचे अध्यक्ष, खाली पाहू नका. मी रागावलेली नाही. त्या वडाच्या ढोलीत कोण आहे, मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. नेमकं एवढंच माझं म्हणणं आहे. आपण नकाशा पाहिला, ढोली पाहिली नाही.

उद्या कोणीतरी जाणता माणूस बोलवा. सगळे मिळून त्या झाडाखाली दिवसभर बसा. गप्प बसा, ती सवय आपल्याला कमी आहे. कोणी येतं का, कोणी खाऊ घेऊन येतं का, ते पाहा. मग रेघ ओढा. वळवावी लागली तर वळवा, आणि वळणात तुमचं काही जाणार असेल, तर ते दुसऱ्याच्या हाताने तोडू नका.

आता उठा. आज आरतीचं तबक आधी मागच्या वडाकडे जाईल, मग गाभाऱ्यात. गुरुजी, आता द्या थाप.

हलकी द्या. आत कोणी असेल.