तेबाऊचं बेट आणि आईची पडवी

आमचा गाव रत्नागिरी जिल्ह्यातला, खाडीच्या तोंडावर. एका अंगाला खाडी, समोर दर्या, मागं डोंगर, आणि मधे जी पट्टी उरते त्यात आमचा मोहल्ला, मशीद, माड आणि कबरस्तान. आमच्यात सगळे जहाजावरचे, आजा जहाजावर, बाप जहाजावर, मग मी पण गेलो, भंडारी म्हणून. भंडारी म्हणजे जहाजावर जेवण करणारा. आता इथं रुसैलच्या मेसमध्ये करतो तेच काम, फक्त इथं जमीन हलत नाय. जहाज सोडून मस्कतला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली, माबेल्याला घर घेतलं भाड्यानं, बायको-मुलगी आली, सना इथल्याच इंडियन शाळेत शिकली. पण तू विचारलंस आईचं, आणि आईचं सांगायचं तर आधी तेबाऊचं सांगायला लागेल, त्याच्याशिवाय ती गोष्ट लागायचीच नाय.

तेबाऊ माझ्याबरोबर जहाजावर होता, खलाशी. किरिबास त्याचा देश, प्यासिफिकमध्ये. मी पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा बोललो, असा देश असतो काय रे? तो बोलला, असतो, पण भरतीला कमी असतो. असा होता तो. काळा, रुंद, हसला की डोळे गायब. माझ्या किचनच्या दारात बसून नारळ खवून द्यायचा. नारळ खवायला बसला की त्याला घर आठवायचं, आणि मग तो बोलत सुटायचा.

काय सांगू तुला, त्याचा देश म्हणजे नुसती बेटं, पाण्यात लांब लांब विखुरलेली. त्याचं बेट गोल, पण भरीव गोल नाय, बांगडीसारखं, आत पाणी, बाहेर पाणी, आणि मधे जमिनीची बारीक कड. रस्त्यात उभं राहून एका बाजूला दगड मारला तर दर्यात, दुसऱ्या बाजूला मारला तर आतल्या पाण्यात. डोंगर नाय. नदी नाय. गोडं पाणी वाळूखाली असतं पातळ, त्याच्या विहिरी. आपल्यासारखेच माड. आपल्याकडं जशी माडी काढतात तशी तिथंही काढतात, सकाळ-संध्याकाळ, पण काढणारा वर बसून मोठ्यानं गाणं म्हणतो, म्हणजे खालच्या बायकांना कळावं की वर माणूस हाय. मी विचारलं, डोंगर नाय तर उधाण आलं की चढता कुठं? बोलला, माडावर. आणि हसला. पण ते हसणं तसं नव्हतं, तुला सांगतो.

त्यांच्या गावात एक मोठं घर असतं, सगळ्यांचं मिळून, भिंती नाय, नुसतं छप्पर, आणि छप्पर इतकं खाली की मोठा साहेब असला तरी वाकूनच आत जायला लागतं. आत जमिनीवर चटया. प्रत्येक घराण्याची बसायची जागा ठरलेली. माणूस परदेशात गेला, वर्षानुवर्षं आला नाय, तरी त्याच्या जागी कोण बसत नाय. तेबाऊ बोलायचा, मी इथं तुझ्याजवळ नारळ खवतोय, पण माझी जागा तिथं रिकामी हाय, आणि ती रिकामी हाय हे सगळ्यांना दिसतंय.

त्याच्या आजाच्या वेळेला जपानी आले, मग अमेरिकन आले, तिथं मोठी लढाई झाली, तोफा अजून किनाऱ्यावर गंजत पडल्यात, पोरं त्यावर खेळतात. त्याच्या आधी इंग्रज होते. तिकडं एक बेट होतं, त्याच्या मातीचं खत व्हायचं, तर साहेबांनी ते बेट पोखरून पोखरून जहाजात भरून नेलं आणि माणसं उचलून फिजीला ठेवली. तेबाऊची मावशी त्या लोकांत दिलेली. फिजीत डोंगर हाय, नदी हाय, सगळं हिरवं हाय, पण म्हातारी माणसं बसली की त्या पोखरलेल्या बेटाचंच बोलतात. का? मी विचारलं. त्यानं खांदे उडवले. बोलला, जागा तिथं हाय ना.

आणि त्यांच्यात एक चाल हाय. बुबुसी. आपल्या माणसानं बुबुसी बोलून काय मागितलं तर नाय बोलायचं नाय. एकदा तेबाऊनं बंदरावर नवेकोरे बूट घेतले, दुसऱ्या दिवशी बघतो तर बूट त्याच्या गाववाल्याच्या पायात आणि हा सपाता घालून डेकवर. मी बोललो, अरे चोरले काय तुझे? नाय, त्यानं बुबुसी घातली. मी बोललो, मग तू नाय बोलायचं ना! तेबाऊ माझ्याकडं असा बघायला लागला, जसं मी त्याला कपडे काढायला सांगितले. बोलला, नाय बोलणारा लाजेनं मरतो. मी बोललो, म्हणजे मागणाऱ्याची मजा! तर बोलला, उद्या मी त्याच्याकडं मागेन, तेव्हा त्यालाही देणं आलं, म्हणून मागणारासुद्धा विचार करून मागतो.

हे सगळं मी आईला सांगायचो. सुट्टीत गावी गेलो की पडवीत बसून. आई पडवीच्या पायरीवर, खांबाला टेकून, तिची तीच जागा. सून झाली तेव्हापासूनची. गल्लीतल्या बायका यायच्या, कोण मासळी निवडतंय, कोण तांदूळ, पण त्या खांबाला कोण टेकायचं नाय. तेबाऊ तिला फार आवडायचा, न बघताच. त्याला ती नारळवाला बोलायची. तुझ्या नारळवाल्याची आई बरी हाय काय रं?

मग आमच्याकडं दर्या पुढं सरकला. आधी बाहेरचे माड गेले, मग कबरस्तानाची भिंत गेली, मग एका पावसात पाणी पडवीपर्यंत आलं आणि विहीर खारी झाली. युनूस, माझा धाकटा भाऊ, त्यानं डोंगरावर वरच्या वाडीत घर बांधलेलं, तो बोलून बोलून थकला, आई वर चल. नाय. मग मी बोललो, मी मस्कतला नेतो, खलास. व्हिजिट विसा काढला, तिकीट काढलं, आणि थंडीत तिला आणली.

आल्यावर खूश होती, खोटं कशाला बोलू. सनाला भाकरी शिकवली. सनाचं मराठी म्हणजे काय, दादी, ही भाकरी राउंड का नाही होत? आणि म्हातारी बोलायची, तुझ्यासारखीच हाय ती, वाकडी. पण पाण्याचा ट्यांकर आला की दारात उभी राहून बघत बसायची. बोलायची, जवळ एवढा दर्या आणि पाणी गाडीतून येतं. सीबला किनाऱ्यावर नेली एका जुम्म्याला. वाळूत बसली. बोलली, चांगला हाय, स्वच्छ हाय, पण माझ्या ओळखीचा नाय.

घरात ती कुठं बसायची नाय. म्हणजे बसायची, पण आज सोफ्याच्या कडेला, उद्या पलंगावर, परवा किचनमध्ये स्टुलावर, जसा पाहुणा बसतो. मला कळत होतं. पण मला भीती होती. पावसात मोठं उधाण आलं आणि ती एकटी पडवीत असली तर? मी ठरवून टाकलं होतं, विसा वाढवायचा, मग बघू, इन्शाल्ला. तिला विचारलंच नाय.

एका दुपारी आम्ही जेवत होतो, तिनं हात धुतला, पदरानं पुसला आणि बोलली, इस्माईल, त्या तुझ्या नारळवाल्यांत मागितलं की नाय बोलत नायत ना? मी बोललो, हो. का? तर बोलली, मग मी मागतंय. मला माझ्या घरी पाठव. बुबुसी.

सना हसायला लागली. मला हसू आलं नाय. घास हातात तसाच. म्हातारीनं शब्द इतकी वर्षं जपून ठेवला होता, आणि बरोबर जागी काढला. मी बोललो, आई, तो नुसता तिकडचा रिवाज हाय. ती बोलली, तूच सांगितलंस ना, नाय बोलणारा लाजेनं मरतो? मला तुझी लाज बघायची नाय.

काय करणार सांग. मी हात धुऊन आलो. आणि मग मला तेबाऊचं दुसरं बोलणं आठवलं. मी तिच्यासमोर बसलो. बोललो, ठीक हाय, दिलं. जा. आता माझी बुबुसी. मोठ्या उधाणाला युनूसकडं वर जायचं. तो बोलवायला आला की वाद घालायचा नाय, उठायचं. तेबाऊला चढायला नुसता माड हाय, तुला अल्लानं अख्खा डोंगर दिलाय.

आई बोलली, नारळवाल्यानं तुला शिकवून ठेवलंय सगळं. पण नाय बोलली नाय.

तर आता ती गावी हाय. गोडं पाणी युनूसची पोरं वरून आणून देतात. परवा उधाण होतं, मी मेसमध्ये डाळ हलवत होतो आणि अर्धं लक्ष फोनवर. युनूसचा इमोवर फोन आला. बोलला, आली वर. कोंबड्या टोपलीत घालून आली, माझ्या पडवीत दर्याकडं तोंड करून बसलीय, कोणाशी बोलत नाय. मी बोललो, दे तिला. आई बोलली, झालं समाधान? पाणी पायरीला लागून गेलं. उद्या मी खाली जातंय. मी बोललो, जा.

तेबाऊचा पत्ता मला नाय. ऐकलं की त्यांच्या सरकारनं फिजीत जमीन घेऊन ठेवलीय, लागलीच तर. कोण जाणे तो गेला, की त्याच्या जागेवर जाऊन बसला. नमाज झाली की मी आईसाठी मागतो, आणि त्याच्यासाठी पण मागतो, त्याचा माड उभा राहू दे. वरच्याला बुबुसी घालता येत नाय, बेटा, त्याला नाय बोलायचा हक्क हाय. तरी मागतो.