आमचं जहाज आलं होतं

शांतावहिनी, दादांची लेकरं, विहारातली सगळी मंडळी, बाजार लाइनीतले माझे दोस्त, आणि पहिल्या रांगेत काठी घेऊन बसलेले, पायदळातले हवालदार शेषरावभाऊ,

सगळ्यांना जय भीम, सलाम.

दारव्ह्यात मला गप्पिष्ट म्हणून ओळखतात. मोटार रिवाइंडिंगवाला सलीम म्हटलं की लोक म्हणतात, मोटार उद्या देईल, गप्पा आजच देईल. पण आज देवीदासदादांच्या शोकसभेत मी हा माइक दोन्ही हातांनी धरून उभा आहे. दादांना जाऊन चार दिवस झाले, माझ्या दुकानातला त्यांचा स्टूल रिकामा आहे. त्यावर कोणी बसायला गेलं की मी नको म्हणतो. का म्हणतो, ते सांगता येत नाही.

देवीदासदादा नौदलात होते. आपल्या गावातून नौदलात! अडाण नदीत उन्हाळ्यात म्हशीचे खूर बुडत नाहीत, आणि हा माणूस समुद्रावर पंधरा वर्षं राहून आला. लोक चिडवायचे, "काय दादा, आज जहाज कोन्या नालीत लावलं?" दादा हसायचे. म्हणायचे, "तुह्या घरासमोरच्या. लय खोल हाये ते."

जहाजावर त्यांचं काम ऐकण्याचं. पाण्यात आवाज सोडायचा, तो कशावर आपटून परत येतो का ते कानाला यंत्र लावून ऐकायचं. खाली शत्रूची पाणबुडी आहे की नुसता माशांचा थवा, हे कानाने ओळखायचं. मी पंक्चर काढता काढता मोटारी शिकलो, पण कान मला दादांनी दिला. स्टुलावर बसल्या बसल्या सांगायचे, "सल्या, ते तिसरी मोटार पाह्य, बेअरिंग रडून राह्यलं तिचं." उघडून पाहिलं की बेअरिंग गेलेलंच असायचं.

आता मी मुद्द्यावर येतो. मुद्दा सगळ्यांना माहीत आहे, आणि चार दिवस कोणी बोललेलं नाही.

चौकात दगडी फलक बसणार आहे. एक्काहत्तरच्या लढाईत लढलेल्या आपल्या भागातल्या जवानांची नावं. त्यात दादांचं नाव नाही. फलकाच्या समितीत काय बोलणं झालं, ते मी दाराशी उभं राहून ऐकलंय. माझे कान कसे आहेत ते आत्ताच सांगितलं. कोणी तरी म्हणालं, "लढाई जमिनीवर झाली. ढाका पायदळानं घेतलं. हा त जहाजावर बसून डाळभात खात होता."

बसून! मी त्या दिवशी दुकानात येऊन दादांना विचारलं, "दादा, खरं सांगा, तुम्ही तिथं काय केलं?"

दादा म्हणाले, "उभे होतो."

"एवढंच?"

"एवढंच. बंगालच्या उपसागरात उभे होतो. ना कोन्याले आत जाऊ देल्लं, ना कोन्याले बाहेर येऊ देल्लं."

माझा चेहरा पडला असेल. तेव्हा ते म्हणाले, "सल्या, गुरांच्या बाजारात बैल सुटलता, आठवते?"

मंडळी, तुम्हालाही आठवत असेल. खोंड बुजला, दोरी तोडून पळाला. दहा जण आरडत मागे धावले. गल्लीच्या तोंडाशी एक भाजीवाली बाई पदर खोचून, दोन्ही हात पसरून उभी राहिली. हलली नाही. खोंड थबकला, वळला, आणि दहा जणांच्या हातात सापडला. संध्याकाळी चहाच्या टपरीवर कोणाचं कौतुक झालं? ज्याने दोरी टाकली त्याचं. बाई तर नुसती उभी होती ना! बैल तिच्या अंगावर गेलाच नाही, म्हणून तिने काही केलंच नाही?

पण नसती उभी, तर बैल कुठे असता?

शेषरावभाऊ, तुम्हीही त्या समितीत आहात, म्हणून आता मी तुमच्याशी बोलतो. तुमच्या मांडीतला छर्रा मी विसरलेलो नाही. थंडीत तुम्ही जिना कसा चढता ते मला माहीत आहे. पण तुम्हीच आमच्या दुकानात एक किस्सा सांगता. किती वेळा सांगितला असेल! मी दर वेळी हसलो, आणि दर वेळी ऐकला.

तुम्ही सांगता, शत्रूने हत्यार टाकलं, तुम्ही कैद्यांवर पहारा करत होता. त्यातला एक जवान रोज सकाळी विचारायचा, "भाई, समंदर की तरफ से कोई जहाज आया?" रोज. आणि तुम्ही मिशीवर हात फिरवून म्हणायचात, "आया ना! हमारा आया!" इथे आपण सगळे टाळी देतो.

भाऊ, ते "हमारा" कोणाचं होतं? त्यात कोण उभं होतं?

तो कैदी तुमच्या रायफलीकडे पाहत नव्हता, समुद्राकडे पाहत होता. त्याला दारूगोळा तिकडून येणार होता. पळायचं तर तिकडूनच. ते दार बंद झालं, आणि त्याच्या हातातली बंदूक जड झाली. ते जहाज आलं असतं तर? लढाई आणखी किती लांबली असती? तुमच्या पलटणीतले आणखी किती गेले असते? भाऊ, चौकातल्या फलकावर तुमच्या नावापुढे मग "शहीद" लिहावं लागलं असतं. तुम्ही लढलात, जिंकलात, सलाम तुम्हाला. आणि तुम्ही आज इथे बसला आहात, त्यात त्या उभं राहण्याचा हिस्सा आहे.

हे मी समितीत बोलणार होतो. दादांनीच हात धरला. "नको बे. शेषराव गोळी खाऊन आला. त्याचं मन नको दुखवू." दादा होते तोवर मी त्यांचा शब्द पाळला. आता कोणाचाही पाळणार नाही. नाव लागणार. फलक घडवणाऱ्याला मी विचारून आलोय, शेवटच्या नावाखाली एका ओळीची जागा आहे. ती ओळ रिकामी ठेवून फलक उभा राहिला, तर मी रोज त्यासमोर स्टूल टाकून बसेन. दादांचाच स्टूल. आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हाच किस्सा सांगेन. मी किती बोलतो, ते समितीला माहीत आहे!

वहिनी, रडू नका. आज रडायचं नाही.

दादा सांगायचे, पाणबुडी शोधताना त्यांच्या खोलीत चमचासुद्धा कोणी वाजवायचं नाही. ती शांतता म्हणजे त्यांची ड्यूटी. आज दोन मिनिटं आपण ती ड्यूटी करू. सगळे उभे राहा.

शेषरावभाऊ, तुमचा पाय दुखतो, तुम्ही बसून राहिलात तरी...

उठताय?

थांबा रे, कोणी हात देऊ नका त्यांना. ते उठतात आपले.

देवीदासदादा, तुमचा हवालदार उभा आहे. गाव उभं आहे. जय भीम.

आता शांत.