अनफिट मान

मान चटकवून घ्यायला जात असाल, तं आधी आमच्या ह्यांचं ऐका. जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवलं. डॉक्टरनं अनफिट लिहिलं की इंजिन हातचं गेलं, या भीतीनं डॉक्टर दिसला की ह्यांच्या तोंडून एकच निघते, "काही त्रास नाही."

रिटायर झाल्यावर मान आखडली. शंकर नगरात मान कडकन फिरवून मोकळी करणाऱ्या एका कायरोप्रॅक्टरकडे गेलो. त्यानं नीट विचारलं, "हाथ में झुनझुनी? कोई दवाई? कभी गिरे?"

हे म्हणतात, "नहीं, नहीं, नहीं."

त्यानं मान दोन्ही हातांत धरली, तशी मी उठले. "रुको भैया! झूठ बोल रहे हैं!" डावा हात सुन्न पडते, रक्त पातळ करायची गोळी रोज चालू आहे, दिवाळीत शिडीवरून पडले, सगळं सांगितलं.

त्यानं हात काढून घेतले. "दीदी, ऐसी गर्दन मैं नहीं घुमाता. पहले बड़े डॉक्टर से जांच कराओ."

बाहेर आल्यावर हे माझ्यावरच तापले. "तू मले अनफिट केलं!"

म्हटलं, "रिटायर होऊन दोन वर्षं झाले. आता कोणती गाडी घेऊन चालले, हावड्याले?"