खारं पाणी, तांब्या-तांब्याने

ताई: तू आधी बस बघू. जखम ओली आहे अजून, आणि वाकून वाकून काय बघतेस त्या माशाच्या टाकीत?

धाकटी: ताई, हे असं कधीपासून आहे?

ताई: असं म्हणजे कसं?

धाकटी: सगळं मिटलेलं. एक कोरल धड उघडं नाही. हे हिरवं दिवसभर डुलत असतं, आज मूठ आवळून बसलंय. आणि या जांभळ्याचं टोक पांढरं पडलंय.

ताई: माझ्याकडे बघू नकोस. तू दवाखान्यात होतीस तेव्हा, आणि नंतर माझ्या घरी होतीस तेव्हाही, मी रोज इथे आले. तुला गोळ्या देऊन, वरणभाताचा कुकर लावून, दोन जिने चढून. माशाला दाणे टाकले, लाइट लावला, लाइट बंद केला, पाणी खाली गेलं की भर घातली.

धाकटी: भर कसली घातलीस?

ताई: पाण्याची. आणखी कसली घालतात?

धाकटी: कुठल्या पाण्याची, ताई?

ताई: खाऱ्या. तुझ्या त्या बादलीतलं मीठ घेतलं, वर छापलंय तेवढंच, काट्यावर तोलून. नीट ढवळून, गार करून. मुख्याध्यापिका होते मी, अंदाजपंचे काही करत नाही.

धाकटी: रोज घातलीस?

ताई: रोज. एक दिवस चुकले नाही.

धाकटी: चुकली असतीस तर बरं झालं असतं गं! पाणी उडून जातं, मीठ कुठे उडून जातं? ते टाकीतच राहतं. म्हणून भर घालायची ती साध्या पाण्याची. ते निळे कॅन मग कशाला भरून ठेवले होते मी?

ताई: ते होय? मला वाटलं प्यायचं पाणी.

धाकटी: आणि?

ताई: मी प्यायले. काही चव नव्हती मेल्याला.

धाकटी: चव नसते त्याला. सगळं गाळून काढलेलं असतं त्यातून. दोन्ही कॅन?

ताई: दुसऱ्यात आहे थोडं. आणि मला सांग, समुद्राच्या टाकीत गोडं पाणी ओतायचं, हे कुणाच्या स्वप्नात तरी येईल का?

धाकटी: मला एकदा विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

ताई: ऑपरेशन झालेल्या बाईला मीठपाणी विचारत बसू?

धाकटी: ती खारेपणा मोजायची काळी नळी दे, खिडकीतली. हं. काचेवर एक थेंब, आणि उजेडाकडे धरायची. लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ हवं. पंचेचाळीसच्या वर गेलंय.

ताई: म्हणजे वाईट?

धाकटी: म्हणजे लोणचं घातलंस तू त्यांचं.

ताई: बोल, बोल. केलं त्याचं हे फळ. बरं, तुझा तो केशरी मासा मला चावला हे सांगितलं नाही मी. रक्त आलं नाही, पण चावला. इवलासा जीव, आणि अंगावर धावून येतो.

धाकटी: मुकादम उगाच चावत नाही. हात कशाला घातला होतास आत?

ताई: ते फूल जागेवर ठेवायला.

धाकटी: कुठलं फूल?

ताई: हे काय, मोठं, झिरमिळ्यांचं. तो मासा ज्यात लोळत असतो ते.

धाकटी: अ‍ॅनिमोन? त्याला तू हात लावलास?

ताई: हात नाही लावला, उलथनं वापरलं. लाकडी. काचेला ओरखडा नको म्हणून.

धाकटी: देवा.

ताई: अगं, तुझ्या फोनवर जो फोटो आहे ना, त्यात ते बरोबर समोर आहे, मधल्या खडकावर. आणि मी येऊन बघावं तर हे मागच्या कोपऱ्यात, काळोखात. मी आणून ठेवलं जागेवर. दुसऱ्या दिवशी परत मागे! तिसऱ्या दिवशी परत! मग मी पण पेटले. म्हटलं, बघू कोण दमतं.

धाकटी: ते फूल नाही, ताई. जनावर आहे. तोंड आहे त्याला, पोट आहे, खाली तळवा आहे. त्या तळव्याने खडक धरून बसतं. पाणी सोसेना म्हणून बिचारं कोपऱ्यात पळत होतं, आणि तू रोज सकाळी त्याला खरवडून परत उजेडात आणत होतीस.

ताई: मला काय माहीत त्याला पाय आहे! शाळेत एखादं पोर रोज बाक बदलायला लागलं तर मी काय केलं असतं?

धाकटी: उलथनं आणलं असतंस.

ताई: हसू नकोस, टाके ओढतील.

धाकटी: हसत नाहीये मी. थांब, वास घेऊ दे. मेलं असतं तर एव्हाना घरभर घाण सुटली असती. नाही. तोंडही मिटलेलं आहे, मरायला टेकलेल्याचं आ वासून राहतं. आहे गं जिवंत. तळव्याची एक कड फाटलीय, पण आहे.

ताई: असू दे जिवंत. चांगलंच झालं, नेणाऱ्यालाही बरं.

धाकटी: कोण नेणारा?

ताई: आता चिडू नकोस. आधी पूर्ण ऐकून घे.

धाकटी: कोण नेणारा, ताई?

ताई: मासेवाला. चौकातला, तुझाच. पाच वाजता येतोय. मासा, कोरल, तुझं ते जनावर, सगळं नेईल. दातांच्या दवाखान्यात मोठी टाकी बसवतोय म्हणे, तिथे ठेवणार. दहा माणसं बघतील, कौतुक करतील. इथे कोण बघतं?

धाकटी: मी बघते.

ताई: डॉक्टरांनी काय सांगितलं? बादली उचलायची नाही. माझ्यासमोर सांगितलं. हर्निया का झाला तुला? या बादल्यांनी झाला. वीस वीस लिटर, दर आठवड्याला. आणि तू पुन्हा त्याच बादल्या उचलणार, मग पुन्हा टाके, पुन्हा मी बाकड्यावर रात्रभर जप करत. माझ्यात आता तेवढी ताकद नाही.

धाकटी: म्हणून तू परस्पर ठरवलंस.

ताई: ठरवावंच लागतं कुणीतरी. आई गेली तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. तेव्हा कुणी ठरवलं? आणि आज आपण इथे कपडे घ्यायला आलोय, टाकी बघायला नाही. तुझी मोठी बॅग मी काल भरून ठेवलीय. हिवाळ्याचेही घेतलेत.

धाकटी: हिवाळ्याचे कशाला? मी आणखी चार दिवस तुझ्याकडे राहणार होते.

ताई: चार दिवस, चार महिने. हे घर बंद करून ठेवू. दोन म्हाताऱ्या दोन घरांत दोन कुकर लावतात, काही अर्थ आहे का?

धाकटी: मी बावन्न वर्षांची आहे.

ताई: तेच म्हणतेय मी.

धाकटी: आणि माझी नोकरी तुझ्या घरापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला.

ताई: ते मी बोलले त्यांच्याशी.

धाकटी: कुणाशी?

ताई: तुझ्या लॅबमध्ये. साहेब फार चांगले आहेत. म्हणाले, तब्येत आधी. मी म्हटलं, ती आता काही यायची नाही, तुम्ही दुसरी बघा.

धाकटी: तू माझी नोकरी सोडलीस?

ताई: दिवसभर मान मोडून लोकांचे खोटे दात घासायचे, त्यात काय एवढं ठेवलंय?

धाकटी: माझा फोन कुठे आहे?

ताई: हे बघ, रागाच्या भरात…

धाकटी: फोन दे, ताई. हॅलो? हो साहेब, मीच. बरी आहे. नाही, नाही, ऐका ना. ताई काळजीपोटी बोलली. मी येणार आहे. दोन महिने वजन उचलायचं नाही, दात काही जड नसतात. हो. ते समोरच्या चार दातांचं काम दुसऱ्या कुणाला देऊ नका, त्या बाईंची रंगछटा माझ्या डोळ्यात आहे. बरं. ठेवते.

ताई: माझी शोभा केलीस.

धाकटी: तुझी? तू माझं मीठ वाढवलंस, कपडे भरलेस, नोकरी सोडलीस, घराला कुलूप लावलंस, आणि शोभा तुझी?

ताई: ओरडू नकोस. जखम…

धाकटी: ओरडते मी! जखम माझी आहे, कशी सांभाळायची ते मी बघेन!

(दारावरची बेल वाजते. मासेवाला हातात जाड पिशव्या आणि थर्माकोलचा डबा घेऊन आत येतो.)

मासेवाला: नमस्कार बाई. अरे, मॅडम पण आल्या? वा, बऱ्या दिसताय.

ताई: ये. चपला बाहेर. उशीर केलास, पाच सांगितले होते.

मासेवाला: हो बाई. सॉरी बाई.

धाकटी: तू हिला बाई का म्हणतोस?

मासेवाला: सहावीत होतो ना बाईंच्या वर्गात. शेवटच्या बाकावर.

ताई: तिथून तिसऱ्यावर आणला होता याला, म्हणून दोन अक्षरं शिकला. चल, लाग कामाला. आधी ते झिरमिळ्यांचं घे.

धाकटी: हात लावू नकोस.

ताई: लाव. मी सांगतेय.

मासेवाला: मी… मी पिशव्या तरी उघडून ठेवतो.

धाकटी: एक सांग मला. तुझ्या दुकानातल्या टाकीत मीठ किती?

मासेवाला: पस्तीस. नेहमीचं.

धाकटी: ही नळी घे, उजेडाकडे धर. काय दिसतंय?

मासेवाला: बापरे. हे कुणी केलं?

ताई: मी.

मासेवाला: छान… म्हणजे, होतं असं कधी कधी, बाई.

धाकटी: आज तू हे उचलून तुझ्या पाण्यात टाकलंस तर उद्या सकाळी काय होईल?

मासेवाला: काही नाही हो, थोडं मिटेल, मग…

धाकटी: माझ्याकडे बघून सांग.

मासेवाला: एकदम उतरवलं तर जाईल, मॅडम. कोरल तर नक्कीच. हळूहळू उतरवायला पाहिजे, रोज थोडं थोडं. आणि तळवा फाटलेला असताना हलवायचं म्हणजे…

धाकटी: मग तू हे फोनवर हिला का नाही सांगितलंस? मीठ किती, काय किती, एक प्रश्न नाही विचारलास?

मासेवाला: बाई म्हणाल्या ये, म्हणून आलो. बाईंना नाही म्हणायची सवयच नाही हो मला. सहावीपासून नाही.

धाकटी: मी म्हणून दाखवते, ऐकून ठेव. नाही. टाकी कुठेही जाणार नाही. मासा जाणार नाही, कोरल जाणार नाही, मी जाणार नाही. पिशव्या परत घडी कर.

ताई: आणि पाणी कोण बदलणार? तू? पोटाला पट्टा बांधून?

धाकटी: बादली उचलायची नाही म्हणालेत डॉक्टर. तांब्या उचलायचा नाही असं कुणी म्हणालं नाही. एक तांब्या खारं काढायचं, एक तांब्या साधं घालायचं. मग चहा. मग परत एक तांब्या. आठवडा लागेल. लागू दे. तसंही घाईने केलं तर मरतातच.

ताई: असा संसार करतात का कुणी? तांब्या-तांब्याने?

धाकटी: मी करते. आणि तू रे, गाळलेल्या पाण्याचे दोन कॅन वर आणून दे. या ओट्यावर ठेव, माझ्या हाताच्या उंचीवर. ज्यांना खाली तोटी असते ना, तसलेच आण.

मासेवाला: आत्ता आणतो. बाई, जाऊ मी?

ताई: मला काय विचारतोस? तिला विचार.

धाकटी: जा.

ताई: एवढं काय आहे गं या डबक्यात? खरंच विचारते. माणसापेक्षा जास्त असं काय आहे?

धाकटी: दिवसभर मी दात करते. सुंदर होतात, पण हलत नाहीत. घरी येऊन लाइट लावला की हे एकेक करून उघडायला लागतं. मी सांगितलं म्हणून नाही, ओढलं म्हणून नाही. त्यांना बरं वाटलं म्हणून. त्या दिवशी मी काहीतरी बरोबर केलेलं असतं, एवढंच मला कळतं. मला तेवढं पुरतं, ताई. मला ते फार आवडतं.

ताई: आणि माझ्याकडे तुला बरं वाटलं नाही?

धाकटी: तू उशीसुद्धा तुला हवी तशी लावून द्यायचीस. मी वळवली की परत येऊन सरळ करायचीस.

ताई: मान अवघडते तशी.

धाकटी: माझी नाही अवघडत.

ताई: मी रात्रभर जागले तुझ्यासाठी. त्या लोखंडी बाकड्यावर. तू आत होतीस तेव्हा मला काय काय वाटलं, तुला कल्पना नाही. मला तू एकटी नको आहेस इथे. पडलीस, झडलीस, मला कोण सांगणार? घाबरते मी. झालं? म्हणाले. घाबरते.

धाकटी: घाबर ना. घाबरायला मी कधी नको म्हटलं? मी पण घाबरते. पण तू घाबरलीस की माझं घर आवरायला घेतेस. ते आता बंद.

ताई: बरं. मग जाते मी. बॅग रिकामी करून देते आधी.

धाकटी: राहू दे, मी करेन. एकेक कपडा, जड नाही. ताई.

ताई: काय?

धाकटी: या घराची किल्ली.

ताई: पर्समध्ये आहे. का?

धाकटी: ठेवून जा.

ताई: किल्ली ठेवून जाऊ? सख्ख्या बहिणीने?

धाकटी: हो. इथे ओट्यावर ठेव.

ताई: ही घे. तुझ्या त्या माशासारखीच निघालीस. आणि उद्या मला यावंसं वाटलं तर?

धाकटी: ये की. बेल वाजव.

ताई: आणि उघडलं नाहीस तर?

धाकटी: मला उठायला वेळ लागतो अजून. जरा थांबायचं, आणि परत वाजवायची.