मागची चार पिंपं

थोरला : हात जोडतो तुला, पण आज तुम्ही कुणी स्टेजवर चढू नका.

धाकटा : दादा, बास झालं. दहा मिनिटांत आमच्या बँडचं नाव पुकारतील. गिटार गळ्यात अडकवून उभा आहे मी, आणि तू आत्ता हे काढतोयस?

थोरला : जरा वारा बघ ना.

धाकटा : मोकळं मैदान आहे, पाच वाजलेत. वारा असणारच. नाहीतर लोक घरातच बसले असते गाणी ऐकत.

थोरला : हा तसला वारा नाही. मघापासून एकाच बाजूने येतोय. मध्येच थांबतो, आणि थांबून आला की दुप्पट जोराने येतो. वरचं कापड कसं फुगतंय बघ. पंचवीस वर्षं मांडव घालतोय मी. पाईप असा कुरकुरायला लागला की माझी दाढ ठणकते.

धाकटा : हा मांडव तूच घातलायस ना? मग घाबरतोस कशाला?

थोरला : मी घातलाय म्हणूनच.

धाकटा : मग कमिटीला सांग की.

थोरला : सांगितलं. सेक्रेटरी हसला. म्हणाला, बायको गाणार म्हटलं की तुमच्या पोटात दुखतं, हे आता सगळ्यांना पाठ झालंय.

धाकटा : मग काय चुकीचं बोलला? गेल्या वर्षी ऐन वेळेला फोन केलास, आई पडली म्हणून. वहिनी रडत घरी आल्या, तर आई टीव्हीसमोर मटार सोलत बसलेली. त्याच्याआधी शाळेच्या हॉलमध्ये वायर तापली म्हणून मेन स्विच पाडलास. वायर थंडगार होती, दादा. मी हात लावून बघितला होता.

थोरला : दोन्ही वेळा खोटं बोललो. आज बोलत नाही.

धाकटा : ते आम्ही कशावरून ओळखायचं? आठ महिने चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत घाम गाळलाय आम्ही. मास्तर शाळेतून थेट यायचे ड्रम वाजवायला. वहिनी शिवणाचा क्लास संपवून, बोटांना सुया टोचलेल्या, तशाच यायच्या. पहिल्यांदा आमच्यासमोर चारशे माणसं बसलीत.

थोरला : समोर नाही रे, छताखाली बसलीत. मी तेच सांगतोय. हे बघ, तुला समजेल असं सांगतो. इथे खुंट्या ठोकायला परवानगी नाही, पळायचा ट्रॅक नवा केलाय. म्हणून सगळा मांडव पाण्याच्या पिंपांवर बांधलाय. एकेका खांबाला दोनशे लिटरचं पिंप. सकाळी मी स्वतः उभं राहून काठोकाठ भरून घेतलीत. त्या वजनावर अजून अर्धा तास तरी निघेल. तेवढ्यात एकेक रांग शांतपणे बाहेर काढू. अर्धा तास आहे आपल्याकडे. ऐकतोयस ना?

धाकटा : कुठल्या बाजूची पिंपं?

थोरला : सगळ्याच बाजूंना आहेत. पण वारा आपल्या पाठीमागून येतोय, म्हणजे सगळी मदार स्टेजमागच्या चार पिंपांवर. तुझा चेहरा का असा झाला?

धाकटा : दुपारी आम्ही आवाज तपासत होतो. मी जाड तार छेडली की मागून कुठूनतरी घर्रर्र व्हायचं. मास्तर म्हणाले, स्पीकर फाटलाय. मला पटेना. कान लावत लावत मागे गेलो. पिंपाचा पत्रा पाईपला टेकत होता, तो माझ्या सुराबरोबर वाजत होता. चारही पिंपांचं तेच.

थोरला : पुढे?

धाकटा : चार बोटं सरकवायची होती फक्त. भरलेली हलेनात. म्हणून...

थोरला : म्हणून काय?

धाकटा : ओतली. सरकवली. दोरी होती तशी परत बांधली, झाकणंसुद्धा लावली.

थोरला : आणि भरलीस.

धाकटा : नळाचं पाणी गेलं होतं.

थोरला : अरे, दोरीने खांबाला बांधलेलं पिंप! ते कशासाठी असेल, एवढाही विचार नाही आला?

धाकटा : मला वाटलं, कुणी चोरून नेऊ नये म्हणून बांधलंय.

थोरला : चोरून नेऊ नये म्हणून.

धाकटा : दादा, टँकर बोलावू? आत्ता भरू?

थोरला : टँकर यायला तास लागेल.

धाकटा : मग वरचं कापड फाडू या. वारा निघून जाईल.

थोरला : एका बाजूने सुटलं की दुसरीकडचं सगळं ओढून घेईल. एक मोठा झोत पुरे. मागून उचललं जाईल आणि लोखंड पुढे पडेल, लोकांच्या डोक्यावर.

(बाहेर टाळ्यांचा कडकडाट. आधीच्या मंडळींचं गाणं संपलं आहे.)

वहिनी : भाऊजी, चला, मास्तर काड्या हातात घेऊन बसलेत. अगंबाई, तुम्ही पण आलात? मग आज कोण पडलं?

धाकटा : वहिनी, दादा खरं बोलतोय.

वहिनी : तुम्हालाही फितवलं वाटतं.

धाकटा : नाही हो. मागची पिंपं रिकामी आहेत. मीच केली. मांडव नुसता उभा आहे, कशाला धरून नाही.

वहिनी : अहो, माझ्याकडे बघून सांगा.

थोरला : खरं आहे.

वहिनी : वायर तापली म्हणालात, तेव्हाही असंच डोळ्यांत बघून सांगितलं होतंत.

थोरला : हो. तू गायला लागलीस की वाटायचं, हिला आता माझी गरज उरली नाही. जळत होतो मी, दुसरं काही नव्हतं. आज नुसती भीती आहे. हात धरून बघ माझा.

वहिनी : बर्फ झालाय. बरं, मी माइकवरून सांगते, सगळे बाहेर पळा.

थोरला : पळा म्हणू नकोस! तिन्ही बाजूंनी कनाती आहेत, दार एकच. चारशे माणसं त्या दारावर पडतील. वारा राहील बाजूला, चेंगरूनच मरतील.

धाकटा : मी ट्रॅककडच्या कनातीच्या दोऱ्या कापतो. ती बाजू पूर्ण मोकळी होईल.

थोरला : काप. पण लोकांना सावकाश उठवायचं कसं? सेक्रेटरी तर माइक हातात देणार नाही मला.

वहिनी : मला देईल. माझ्या क्लासच्या बायका पुढच्या तीन रांगांत आहेत, पोरं मांडीवर घेऊन. त्यांना म्हणते, आजचं गाणं छताखाली नाही, मोकळ्यावर ऐकायचं. मागच्या रांगेने आधी उठायचं. आणि गायला लागते.

धाकटा : उठतील?

वहिनी : गाणं चालू आहे तोवर कुणाला शंका येणार नाही. मी थांबले की घाबरतील.

थोरला : म्हणजे शेवटचं माणूस बाहेर पडेपर्यंत तू स्टेजवर.

वहिनी : दुसरं कोण आहे? तुमचं कुणी ऐकेल?

थोरला : नाही. माझं कोण ऐकणार?

धाकटा : वहिनी, मी वाजवायला थांबतो तुमच्याबरोबर.

वहिनी : काही नको. दोऱ्या कोण कापणार? मास्तरांनाही पाठवते तुमच्या मदतीला. माझा गळा पुरेसा आहे. पळा तुम्ही.

थोरला : ऐकलंस? परत आला वारा. जा रे, पळ!

वहिनी : आणि तुम्ही?

थोरला : मी मागे जातो. मधल्या खांबाचा दोर कमरेला बांधून बसतो.

वहिनी : अहो, एका माणसाच्या वजनाने मांडव थांबतो का?

थोरला : तू गा.